खांद्याची बारी

दाव्यात पाय अडकून द्वारकाबाई पडली, तेव्हा गोठ्यात तिच्या दोन म्हशींशिवाय कोणी नव्हतं. पडली ती गव्हाणीच्या दगडावर, उजव्या खांद्यावर. भरलेली चरवी लवंडली, दूध शेणात गेलं आणि तिला पहिलं वाईट वाटलं ते दुधाचं. खांद्याचं मागून कळलं. उठायला म्हणून हात टेकवायला गेली तर हात टेकवताच येईना. डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून ती तशीच शेणात बसून राहिली आणि थोरल्या सुनेला हाका मारू लागली.

थोरली सून चतुरा कापसाच्या वेचणीला निघाली होती. दिवसच तसे होते. वावरात बोंडं फुटून लोंबत होती आणि वेचायला बायका मिळत नव्हत्या. हाक ऐकून तिला वाटलं, म्हैस सुटली. ती दोर घेऊनच पळत आली. सासूला तसं बसलेलं बघून तिनं दोर टाकला आणि काखेत हात घालून उठवायला गेली, तशी म्हातारी जी ओरडली, ती समोरच्या आळीपर्यंत ऐकू गेली.

द्वारकाबाईची चूल वेगळी होती. नवरा गेल्यावर दोन्ही पोरांनी वाटण्या केल्या, तेव्हा भावकीनं म्हातारीची बारी बांधायचं ठरवलं होतं. एक महिना थोरल्या बन्सीकडं जेवायचं, एक महिना धाकट्या कारभारीकडं. बोरखडी गावात अशा बाऱ्या घरोघर आहेत. महिना सरला की म्हातारं माणूस पिशवी काखेत मारून दुसऱ्या दारात जातं आणि तिथल्या सुनेचं तोंड कसं आहे ते बघून ताटावर बसतं. द्वारकाबाईनं आपल्या सासूला असं जाताना पाहिलं होतं. एका दारात भाकर उरकलेली आणि दुसऱ्या दारात अजून पहिली तारीख उजाडायची, अशी ती सासू मधल्या उकिरड्यापाशी ताटकळत उभी राहायची. द्वारकाबाईनं भावकीसमोर सांगून टाकलं होतं, मला कोपऱ्यातली खोली आणि दोन म्हशी द्या, मी कोणाच्या ताटाला यायची नाही. तेव्हापासून ती आपल्या हातानं धार काढायची, आपल्या हातानं भाकर थापायची. बन्सी तिचं दूध आपल्या दुधासोबत मोटारसायकलवर घालून शहरात शहागंजातल्या हॉटेलात पोचवायचा. हर्सूलच्या पुढं डोंगराकडं असलेल्या त्या गावात एवढ्या वयाच्या दुसऱ्या कोणा बाईची वेगळी चूल पेटत नव्हती, आणि याचा तिला गर्व होता. गर्व नव्हता असं म्हणायचं काही कारण नाही.

आता हात मोडला होता, तोही उजवा.

धाकटा कारभारी वाळूजच्या कंपनीत होता, राहायला छावणीच्या पुढं पडेगावला. त्यानं फोनवरूनच एका मोठ्या खाजगी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि बन्सी आईला जीपमध्ये घालून तिथं घेऊन गेला. फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी तो उजेडाला धरून दाखवला. खांद्याचा गोळा मोडून त्याचे तुकडे सरकले होते. प्लेट टाकून, स्क्रू बसवून ते जागेवर आणता येतील, असं डॉक्टर म्हणाले. करायचं तर लवकर करू, विचार करून सांगा, म्हणाले.

कारभारीला विचार करायचा नव्हताच. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईचं नाव होतं. बन्सी मात्र भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या भावकीतला बद्रीनाथ मांडीचं हाड मोडलं म्हणून टेबलावर गेला होता आणि घरी आलाच नव्हता. आईला सुई देऊन निजवतील आणि ती उठणारच नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दोघं भाऊ आईच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून हळू आवाजात भांडू लागले. दवाखाना होता म्हणून आवाज हळू, नाहीतर शब्द बांधावरचेच होते.

खरं तर दोघांचंही आईवर प्रेम होतं, त्यात खोट काढता येणार नाही. पण ऑपरेशन झालं तर आई पडेगावला राहणार होती, आणि मग गावात सांगता येणार होतं की शेवटी धाकट्यानंच आईला बघितलं. ऑपरेशन नाही झालं तर ती बन्सीच्या दारात राहणार होती. दोघांनाही आईपेक्षा ते सांगणं जास्त हवं होतं. द्वारकाबाई छताकडं बघत पडली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि ठणका एवढा होता की तिनंही काही सांगितलं नाही.

शेवटी बन्सीनं हट्टानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, केस पिकलेले. ओळ मोठी होती, पण त्यांनी फोटो नीट बघितला, तिची बोटं हलवून बघितली, आणि दोन्ही भावांना गप्प करून तिच्याशीच बोलले. मावशी, वाटा दोन आहेत, म्हणाले. प्लेट टाकली तर फोटोत हाड छान दिसेल. पण तुमच्या वयाला हाड मऊ झालेलं असतं, कधी स्क्रू धरत नाहीत, कधी जखम चिघळते, मग पुन्हा टेबलावर जावं लागतं. प्लेट नाही टाकली तर हाड थोडं वाकडं जुळेल, पण जुळेल. काही जणांना ऑपरेशनशिवाय चालतच नाही, पण तुमचं तसं दिसत नाही. वर्षभरानं बघितलं तर तुमच्यासारख्या बहुतेकांचा हात दोन्ही वाटांनी साधारण सारखाच चालतो.

द्वारकाबाईनं विचारलं, "भाकर थापता यील का?"

"येईल. पण ते हाडापेक्षा तुमच्या कसरतीवर आहे. दोन-तीन आठवडे झोळीत ठेवायचा, मग हलवायला सुरुवात करायची. दुखेल. दुखलं म्हणून बांधून ठेवला तर सांधा आखडतो. मग हाड जुळूनही काही उपयोग नाही."

"मग कापू नका," द्वारकाबाई म्हणाली. "हलवीन मी."

एवढं सोपं होतं. कारभारी तोंड पाडून बाहेर निघून गेला आणि बन्सी जिंकल्यासारखा आईला झोळी बांधून घेऊ लागला.

गावात आल्यावर दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेब आले. ते नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द चालायचा. द्वारकाबाई उठून बसली आणि त्या खटपटीत डोक्यावरचा पदर घसरला. हातानं वर घ्यायला गेली, तो उजवा हात झोळीत. डाव्या हाताला पदराचं टोक सापडेना. आप्पासाहेब कोनाड्याकडं बघत बसले आणि ती उघड्या डोक्यानं मान खाली घालून बसली. चतुरानं येऊन पदर नीट केला तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. लग्न होऊन आल्यापासून त्या माणसासमोर तिचं डोकं उघडं पडलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पासाहेबांनी दोन्ही पोरांना बसवून घेतलं. आता म्हातारीला एकटं ठेवता येत नाही, एकाच्याच गळ्यात टाकताही येत नाही. तेव्हा हात बरा होईपर्यंत बारी. पहिला महिना बन्सीचा, दुसरा कारभारीचा. द्वारकाबाई ऐकत होती. जी गोष्ट तिनं भावकीसमोर नाकारली होती ती आज खांद्याच्या वाटेनं घरात आली होती. पण नाही म्हणायला तिच्याजवळ हात नव्हता. हात बरा होईपर्यंत, एवढं ती दोनदा म्हणाली. आप्पासाहेब हो हो म्हणाले. बन्सीच्या घरात जाताना तिनं खोलीची किल्ली चतुराजवळ दिली, देवापुढं दिवा लावायला.

बन्सीच्या घरात पहिले आठवडे ठणक्यात गेले. रात्री आडवं होता येत नव्हतं, पाठीला कापसाची गोणी लावून बसून झोपावं लागायचं. छातीपासून कोपरापर्यंत काळंनिळं उतरलं. दुसऱ्याच्या हातानं वेणी घालायची, दुसऱ्याच्या हातानं लुगडं नेसायचं, लोटा धरायलाही दुसऱ्याची वाट बघायची. चतुरा ते सगळं करायची, तोंड वाईट न करता करायची. पण वावरात बोंडं गळत होती आणि ती सकाळपासून सासूच्या मागं अडकलेली असायची. हे दोघींना कळत होतं, त्यामुळं दोघी एकमेकींशी फार बोलत नव्हत्या.

झोळी सैल करायच्या दिवशी बन्सी आणि चतुरा तिला दवाखान्यात घेऊन गेले. फोटोत हाड धरू लागलेलं दिसलं. डॉक्टरांनी तिला कसरतीच्या खोलीत पाठवलं. तिथं मुनिरा नावाची पोरगी होती, बारीक चणीची, हातात जोर असलेली. तिनं द्वारकाबाईला टेबलाला डावा हात लावून कमरेत वाकायला लावलं आणि उजवा हात सैल सोडून विहिरीत बादली फिरते तसा हळूहळू गोल फिरवायला सांगितला. मग आडवं निजवून कोपराला धरून हात थोडा वर उचलला. द्वारकाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अम्मा, दुखणार. रुकायचं नाय," मुनिरा म्हणाली. मग चतुराकडं वळली. "तुम्ही बघून घ्या. घरी रोज तुम्हीच करायचं. ये आप से नहीं होगा, तो हाथ लकड़ी हो जाएगा."

चतुरानं बघून घेतलं. तिनं मुनिराचा हात कुठं बसतो, बोटं कशी धरते, सगळं बघून घेतलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूला ओट्यावर निजवलं आणि कोपराला धरून हात उचलला.

द्वारकाबाई ओरडली. ओरडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण आवाज आपला आपण निघाला. भिंतीपलीकडून शेजारणीनं काय झालं गं म्हणून विचारलं. चतुरानं सांगितलं, कसरत चालू आहे. शेजारीण भिंतीवरून मान काढून बघत राहिली आणि आत गेली.

दुपारपर्यंत गिरणीवर बातमी होती की चतुरानं सासूच्या मोडक्या हाताला हिसका दिला. संध्याकाळपर्यंत त्यात भर पडली. म्हातारी रडत होती आणि सून सोडत नव्हती, असं पारावर बन्सीच्या कानावर आलं. सांगणाऱ्यानं हेही सांगितलं की उद्या हाड सरकलं तर धाकटा सोडणार नाही, ऑपरेशन नको म्हणणारे तुम्हीच होतात.

बन्सी घरी आला तो धुमसतच. चतुरा भाकरी करत होती. तिच्या पाठीशी उभा राहून तो म्हणाला, "हाताला हात लावू नको मायच्या."

"दवाखान्यात सांगितलंय."

"सांगू दे. आपल्या बारीत काय झालं तर त्याचं तोंड कोण बंद करील? हाय तसा राहू दे. महिना सरला की त्याच्याकडं जाईल, त्याला काय करायचं ते करू दे."

चतुरानं भाकर उलटली. तिला सासूची दया आली असेल, पण त्याहून मोठी भीती होती. म्हाताऱ्या सासूला छळणारी सून असं एकदा नाव पडलं की ते बोरखडीत मरेपर्यंत पुसत नाही, तिच्या पोरीच्या लग्नात निघेल. तिनं झोळी पुन्हा घट्ट बांधली. द्वारकाबाई पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत होती. तीही काही बोलली नाही, आणि यात तिचीही चूक होतीच. त्या पहिल्या दुखण्यानं ती मनातून भेदरली होती. हात बांधून ठेवला तर तिला बरंच वाटत होतं.

महिना सरला तसा कारभारी बायकोला घेऊन आपल्या जुन्या गाडीतून आला. त्याची बायको वच्छला आत आली, सासूच्या पाया पडली, आणि पर्समधून मोबाईल काढून तिनं झोळीतल्या हाताचा फोटो घेतला. पुढून एक, बाजूनं एक. बोटांवरची सूज दिसेल असा एक जवळून. चतुरानं विचारलं हे काय. वच्छला म्हणाली, काही नाही अक्का, कसा दिला ते असावं आपल्याजवळ. लग्नाला भाड्यानं आणलेली भांडी परत करताना पोचे बघतात तसं चाललं होतं. द्वारकाबाईला चुलीत जावंसं वाटलं, पण तिची चूल बंद होती.

पडेगावच्या घरात सगळं सोयीचं होतं. पंखा होता, नळाला गरम पाणी होतं, जेवायला टेबल होतं. वच्छला वाईट नव्हती. पपई चिरून द्यायची, डाव्या हातात चमचा द्यायची, बघायला येणाऱ्यांसमोर सासूच्या अंगावर स्वच्छ शाल टाकायची. आणि बघायला लोक येतच होते. कारभारीच्या कंपनीतले आले, वच्छलाच्या माहेरचे आले, सोसायटीतल्या बायका आल्या. पाहुणा आला की पेढ्यांची पुडी किंवा केळी खाटेजवळ ठेवायचा आणि म्हणायचा, हात अजिबात हलवू नका हं मावशी. म्हातारीचा हात झोळीत नीट बांधलेला दिसला की लोकांना तिची चांगली काळजी घेतली जात आहे असं वाटायचं, आणि कारभारीला नेमकं तेच हवं होतं.

गावाकडून येताना कसरतीचं कोणी काही सांगितलं नव्हतं असं नाही. वच्छला गाडीत बसत असताना चतुरानं तिला सांगितलं होतं, हात वर करायचा असतो म्हणून. तुम्ही केला का, असं वच्छलानं विचारलं. चतुरानं गाडीचं दार लावून घेतलं. मग वच्छलानंही मनाशी ठरवलं की थोरलीनं जे केलं नाही ते आपण का करायचं.

द्वारकाबाईनंच एकदा धीर केला. वच्छला भाजी आणायला गेली होती. म्हातारीनं झोळी डाव्या हातानं सोडवली, टेबलाला धरून वाकली आणि हात सैल सोडला. हात खाली लोंबेचना. खांद्यातच अडकल्यासारखा छातीजवळ राहिला. तिनं जोर करून हलवला, आत कट् असं वाजलं, घेरी आली आणि ती खुर्ची धरून खाली बसली. त्याच वेळी वच्छला दारात आली. तिनं पिशवी टाकली, सासूला धरलं आणि तिथूनच नवऱ्याला कंपनीत फोन लावला.

"माझ्या घरात काय बाय करून घेऊ नका आत्याबाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "भाऊजी म्हणतील, आम्ही दिला तवा चांगला होता. माझ्याजवळ फोटो हाय, पण फोटोत आतलं कुठं दिसतं?"

त्या दिवशी झोळीला वरून आणखी एक ओढणी बांधली गेली. द्वारकाबाई सोफ्यावर बसून टीव्हीकडं बघत राहिली. टीव्हीतलं तिला काही कळत नव्हतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की या घरात आणि त्या घरात आपल्याला कोणी त्रास देत नाही, आणि त्यातच आपण संपत आलो आहोत.

दुसरा महिना सरता सरता डॉक्टरांनी बोलावलं होतं. दोन्ही भाऊ गेले, दोन्ही जावा गेल्या. हात ताब्यात द्यायचा-घ्यायचा दिवस होता, त्यामुळं साक्षीला सगळे हवे होते. फोटोत हाड जुळलेलं होतं. थोडं वाकडं, पण पक्कं. बन्सीच्या चेहऱ्यावर हसू आलं. डॉक्टर म्हणाले, मावशी, आता हात वर करा बघू.

द्वारकाबाईनं हात उचलला. कोपर अंगाला चिकटूनच राहिलं. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. तिनं खांदा उचकला, मान वाकडी केली, दात आवळले. हात तिथंच होता. डॉक्टरांनी स्वतः धरून बघितला, मग दोन्ही पोरांकडं बघून विचारलं, कसरत कोणी करून घेतली? बन्सी म्हणाला, या महिन्यात धाकट्याकडं होती. कारभारी म्हणाला, आमच्याकडं आली तेव्हाच हात असा होता. वच्छलानं मोबाईल काढला. डॉक्टरांनी तो ठेवून द्यायला सांगितला.

कारभारीला राहवलं नाही. तो म्हणाला, तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर ही वेळ आली नसती.

"तेव्हा केलं असतं आणि असंच बांधून ठेवलं असतं, तर प्लेटसकट आखडला असता," डॉक्टर म्हणाले. "हाडानं त्याचं काम केलंय. तुम्ही केलं नाही."

मुनिरानं हात बघितला. तिनं पुन्हा एकदा कसं धरायचं ते दाखवलं. आता रोज ओढावा लागेल, सकाळ-संध्याकाळ, कितीतरी महिने, आणि अम्मा ओरडतील, असं तिनं सांगितलं. कानापर्यंत जाईल का असं द्वारकाबाईनं विचारलं. मुनिरा म्हणाली, कोशिश करेंगे अम्मा. ज्याला दया येते त्याच्या हातून हे होत नाही, हेही तिनं सांगितलं.

गाडी बोरखडीच्या वाटेला लागली. हर्सूलच्या तळ्यापाशी कारभारीनं आईला पाणी हवं का विचारलं, तिनं मान हलवली. दारात गाडी थांबली, तेव्हा आप्पासाहेब पुढची बारी बोलायला येऊन बसलेले होते. द्वारकाबाई त्यांच्याकडं न बघता ओटा चढली आणि आपल्या खोलीकडं गेली. चतुरा मागून आत्याबाई, आत्याबाई म्हणत आली, पण दाराला कुलूप नव्हतंच, आणि तोवर तिनं डाव्या हातानं कडी काढली होती.

खोलीत कापूस होता. खालपासून आढ्यापर्यंत, दारातून पुढं पाऊल ठेवायला जागा नाही असा भरलेला. चूल कुठं होती तेही कळत नव्हतं. देवाचा कोनाडा पांढऱ्या ढिगात गेला होता. पायाशी ढिगातून तव्याची कड तेवढी बाहेर दिसत होती.

"भाव नाय, माय," बन्सी मागून म्हणाला. "घरात जागा नाय. म्हणलं, कोरडी खोली हाय... तू आता कुठं एकटी राहायलीस?"

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. हात बरा होईपर्यंत, असं ती दोनदा म्हणाली होती आणि ते कोणीच मनावर घेतलं नव्हतं. आप्पासाहेब ओट्यावरून म्हणाले, आता हात काही धड होत नाही, तेव्हा बारी कायमचीच बांधून टाकू. कारभारी म्हणाला, दोन-दोन महिन्यांची करा, ने-आण कमी होईल. बन्सी म्हणाला, म्हशींचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा, छावणीच्या बाजारात चांगली किंमत येईल.

द्वारकाबाई दारातून फिरली. तिला खूप राग आला होता, पण तो पोरांवर काढण्यात काही अर्थ नव्हता. ती ओट्यावर आली, सगळ्यांच्या मधोमध, आणि खाली बसली. मग डावा हात टेकून आडवी झाली. आप्पासाहेब गडबडून सरकले. तिनं झोळीची गाठ सोडली आणि चतुराला हाक मारली.

"ये इकडं. धर."

चतुरा जागची हलली नाही. आळीतून दोन बायका पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. भिंतीवरून शेजारणीची मान वर आली.

"सगळे बघायलेत आत्याबाई."

"बघू दे. बारीत नाय ठेवायचा आता हा. तुझ्या बारीत नाय, तिच्या बारीत नाय. माझा हाय. मोडला तर माझा मोडंल. ओरडले तरी सोडू नको."

चतुरानं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा त्या कापसाच्या खोलीकडं. तो कापूस तिनंही भरला होता, पाट्या डोक्यावर वाहून. तिनं पदर कमरेला खोचला, सासूच्या शेजारी गुडघे टेकले, एक हात खांद्यावर दाबला, दुसरा कोपराखाली घातला आणि उचलायला लागली.

हात छातीपर्यंत सरळ आला आणि तिथं अडला. चतुरानं जोर लावला. द्वारकाबाईनं पाय झाडले. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या. पाण्याच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. वच्छलानं तोंडावर हात धरला. कारभारी पुढं धावला आणि त्यानं वहिनीचं मनगट पकडलं.

"सोडा मायला वहिनी. मारून टाकता का?"

चतुराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आता या क्षणापासून आपलं गावात काय होणार आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी गिरणीवर काय बोलतील, पोरीला बघायला आलेले पाहुणे काय विचारतील, सगळं माहीत होतं.

"हात काढा भाऊजी," ती म्हणाली. "कानापस्तोर गेल्यावर सोडते."

कारभारीनं आईकडं बघितलं. आई ओरडत होती आणि डाव्या हातानं सुनेच्या दंडाला घट्ट धरून होती. ती तिला ढकलत नव्हती. त्यानं हात काढून घेतला.

कानापर्यंत हात त्या दिवशी गेला नाही. हनुवटीच्या थोडा वर गेला, एवढंच. चतुरानं तो तिथं धरून ठेवला.